कडक धर्म पाहिजे

भाऊंचं नाव मी सांगणार नाही. सांगितलं तर ते रागावतील, रागावले की त्यांना बोलावं लागेल, आणि रागावून बोलायला लागतं तेवढं त्यांचं तोंड आता उघडत नाही.

घुग्घुसला एका कोळसा खाणीच्या काटाघरात आम्ही अकरा वर्षं एका टेबलाला बसलो. काटाघर म्हणजे भरलेला ट्रक तोलतात ती खोली. ते मोठे काटाबाबू, मी धाकटा. ट्रक काट्यावर चढायचा, भाऊ वजन मोठ्याने वाचायचे, मी लिहायचो, खिडकीतून धूळ आत यायची आणि पुढचा ट्रक येईपर्यंत आम्ही दोघं खर्रा खायचो. सुपारी, तंबाखू आणि चुना घोटून प्लास्टिकच्या पन्नीत बांधतात, त्याला खर्रा म्हणतात. आमच्या भागात पाहुण्याला चहा नंतर विचारतात, खर्रा आधी. भाऊ दिवसाला किती खात हे मी कधी मोजलं नाही, कारण मग माझेही मोजावे लागले असते.

बुटका, गोल, डोक्यावर एकही केस नसलेला हा माणूस नियमांचा मोठा भक्त होता. स्वतः सोडून बाकी सगळ्या जगाने नियमाने वागावं असं त्यांना मनापासून वाटे. ट्रक काट्यावर जरा वाकडा उभा राहिला की ते ड्रायव्हरला उतरवून चाक दाखवायचे. काटाघराच्या भिंतीवर ‘येथे थुंकू नये’ अशी पाटी त्यांनी स्वतःच्या हाताने, वळणदार अक्षरात लिहून लावली होती. त्या पाटीखालचे डाग बहुतेक त्यांचेच होते.

मग एक दिवस मिसळ खाताना पाव तोंडात जाईना. वहिनींनी, म्हणजे भाऊंच्या बायकोने, त्यांना धरून चंद्रपूरला दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. वहिनी सरकारी उपकेंद्रात नर्स होत्या, त्यांच्यापुढे बहाणे चालत नसत. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तीन बोटं उभी करून तोंडात घाला. धड माणसाच्या तोंडात तीन जातात. भाऊंच्या तोंडात दोन गेली, तीही कशीबशी. खर्रा सोडला नाही तर तोंड मिटत मिटत एक बोट जाण्यापुरतं उरेल, भात पातळ करून ढकलावा लागेल, आणि त्यापुढे जे होतं ते मला तुमच्या बायकोसमोर सांगायचं नाही, असं त्या म्हणाल्या. वहिनींना ते सांगायची गरजही नव्हती. 

दुसरा कोणी असता तर त्याने लवंग चघळली असती, गोळ्या घेतल्या असत्या. भाऊंनी तीन दिवस विचार केला आणि चौथ्या दिवशी काटाघरात जाहीर केलं, “बाबू, मले कडक धर्म पाहिजे.”

“कायले? आपला हाय ना?”

“आपला?” ते एवढे चिडले की गालातला ऐवज सांभाळणं कठीण झालं. “आपल्यात तेहतीस कोटी देव हाय अन एकही खेकसत नाई. मी मारुतीसमोर शपथ घेतली. मारुती! कडक मनून निवडला. सकाळी शपथ घेतली अन दुपारी खाल्ला. काई झालं का? काई नाई झालं. शनिवारी गेलो त तसाच उभा होता, गदा घेऊन. मारली का? अशा देवाच्या भरोशावर खर्रा सुटते का कोणाचा?”

त्यांचा सिद्धांत असा होता की माणूस एकट्याने सुधारत नाही. त्याच्यामागे समाज लागावा लागतो. चुकला की चौकात उभा करणारा, पंगतीतून उठवणारा, शेवटी हाकलून देणारा. असा समाज शोधायचा, त्यात शिरायचं आणि भीतीने खर्रा सोडायचा. मी म्हटलं, भीती तर डॉक्टरीणबाईंनी पण दाखवली. ते म्हणाले, “मरायची भीती काई कामाची नाई बाबू, ते सगळ्याइले असते. चार लोकांत लाज जायची भीती पाहिजे.”

वहिनींचं म्हणणं एवढंच होतं, “धर्म कोणताबी घ्या, पण पहिले चूळ भरा.”

त्या दिवसापासून काट्याच्या खिडकीशी येणाऱ्या प्रत्येक ड्रायव्हरला वजनाच्या चिठ्ठीबरोबर एक प्रश्न मिळू लागला. आधी गाव, मग आडनाव, मग, “तुमच्यात बाहेर काढतात का?” बिहारचा एक ड्रायव्हर घाबरून म्हणाला, साहब, गाडी तो अभी निकाल रहा हूँ. एका सरदारजीने मात्र छाती पुढे काढून सांगितलं की आमच्यात तंबाखूला हातसुद्धा लावत नाहीत. भाऊ खुर्चीतून उठले. दोघांचं बराच वेळ जमलं, मागे ट्रक भोंगे वाजवत राहिले. पण केस राखायचा विषय निघाला तेव्हा सरदारजीने त्यांच्या डोक्याकडे पाहिलं, भाऊंनीही त्यावरून हात फिरवला, आणि दोघांनी दुःखाने एकमेकांचा निरोप घेतला.

अशी छाननी होत होत शेवटी दोनच उमेदवार उरले. कॅलेंडरच्या कोऱ्या बाजूवर भाऊंनी मधोमध रेघ मारली. एका बाजूला मुसलमान, दुसऱ्या बाजूला ख्रिश्चन. उपास, वेळ, दारू, गाणं, बाहेर काढणं, असे रकाने पाडले आणि चौकशी सुरू झाली.

पहिला मान टेलर चाचांना मिळाला. खाणीतल्या अर्ध्या लोकांचे युनिफॉर्म ते शिवायचे. पासष्टीचे, पांढरी दाढी, गळ्यात टेप, आणि भाऊंची पँट दर दिवाळीला एक इंच सैल करून देणारे म्हणून जवळचे. रमजान लागला होता. भाऊ दुकानात जाऊन म्हणाले, मी रोजे धरतो.

“धरो ना भाऊ, कौन मना किया,” चाचा म्हणाले. “पण तुमी काऊन?”

“पाणीबी नाई ना दिवसभर?”

“नाई.”

“चुकून थुंकी गिळली त?”

“थुंकी तो अपनीच है भाऊ, गिळो.”

ही एक सवलत भाऊंना आवडली नाही, पण बाकी सगळं पसंत पडलं. पहाटे जेवायचं, मग सूर्य बुडेपर्यंत घशाखाली काही नाही. मार्च संपत आलेला, घुग्घुसचं ऊन, त्यात कोळशाची धूळ, आणि भाऊ काटाघरात डोळे मिटून ताठ बसलेले. वजन वाचताना त्यांचा आवाज खोल विहिरीतून यायचा. पण सात दिवस उजेड असेपर्यंत त्यांनी खर्रा खाल्ला नाही, हे मला कबूल केलं पाहिजे. “बाबू, पाह्य काय धर्म हाय!” ते मला म्हणायचे. “घड्याळ लावून भूक. एक मिनिट इकडचं तिकडं नाई. हे खरं काटाघर.” कॅलेंडरवर मुसलमानांच्या बाजूला बरोबरच्या खुणा पडत होत्या.

आठव्या दिवशी दुपारी त्यांचा हात आपसूक माझ्या ड्रॉवरमध्ये गेला. अकरा वर्षांची सवय, हाताला काय माहीत रमजान. पुडी सुटली, चिमूट गालात गेली, दोनदा चावून झालं आणि मग भाऊंचे डोळे विस्फारले. ते ओरडले, थुंकले, पाटीखालीच थुंकले, चूळ भरली, सहा ट्रक रांगेत सोडून एका शिफ्टवाल्याच्या मोटरसायकलवर बसले आणि थेट चाचांच्या दुकानात गेले. मागोमाग मीही गेलो. काटा त्या दिवशी देवाच्या भरवशावर होता, कोणत्या ते माहीत नाही.

“चाचा, मी खाल्ला,” भाऊ म्हणाले. “आता काय करता ते करा. सगळ्याइले बलवा.”

चाचांनी कात्री खाली ठेवली. “जानबूझ के खाया?”

“नाई. विसरलो.”

“फिर टूटाच नाई रोजा. भूल से खाया तो माफ है. अल्लाने खिलाया समझो.”

भाऊंनी गालावर हात ठेवला. “खर्रा? खर्रा अल्लानं खिलवला?”

“खर्रा तुमनेच खाया. भूल उसने माफ की.” मग चाचांनी त्यांना स्टुलावर बसवलं आणि एवढा जिवावर उदार होऊन रोजा काऊन धरला ते विचारलं. भाऊंनी तोंडाची हकीकत सांगितली. चाचांचा चेहरा उतरला. “अरे बावा, बीमार आदमी को तो रोजेकी छूट रहती. डॉक्टर का कागज है ना तुमारे पास?”

भाऊ परत निघाले. काटाघरात आल्यावर रांगेतल्या ड्रायव्हरांच्या शिव्या शांतपणे ऐकून घेतल्या आणि कॅलेंडर काढलं. “कागद दाखवला की सुट्टी,” ते म्हणाले. “मेडिकल लिव्ह हाय त्याच्यातबी.” संध्याकाळी चाचांनी आम्हा दोघांना इफ्तारला, म्हणजे रोजा सोडायला, आग्रहाने बोलावलं. भाऊंना खजूर दिला, शेजारी बसवलं, पानात आणखी एक भजं टाकलं. निघताना चाचा मला बाजूला घेऊन म्हणाले, “तुमारे भाऊ को दीन-धरम नहीं चाहिए. थानेदार चाहिए.”

चाचांनी हे चांगल्या मनाने म्हटलं होतं. भाऊंना सांगितलं तेव्हा तेही म्हणाले, बरोबर हाय, थानेदारच पाहिजे.

मग रेघेची दुसरी बाजू. माजरीकडे एका कोळसा कॉलनीच्या मागे टिनाच्या शेडमध्ये प्रार्थनाघर होतं. पास्टर सिरोंच्याकडचे, घरी तेलुगू बोलणारे. आठवडाभर वेल्डिंग करायचे आणि रविवारी उपदेश. त्यांच्या मंडळीत तंबाखू बंद, दारू बंद, सिनेमा बंद, बायांचे दागिनेसुद्धा बंद. दागिने बंद हे ऐकून भाऊंना विलक्षण आनंद झाला. त्यांचा दागिन्यांशी काही संबंध नव्हता, पण एवढं बंद आहे म्हणजे माल कडक आहे, असा त्यांचा हिशेब होता.

मी त्यांना स्कूटरवर घेऊन गेलो. तीन तास प्रार्थना चालली. ढोलकी होती, खंजिरी होती, लोक डोळे मिटून हात वर करून रडत होते. भाऊ पहिल्या रांगेत गुडघ्यावर. मी शेवटच्या रांगेत, पंख्याखाली. शेवटी साक्ष द्यायची वेळ आली, म्हणजे ज्याला जे सांगायचं ते त्याने सगळ्यांसमोर उभं राहून सांगायचं. भाऊ याचीच वाट पाहत होते. ते उभे राहिले, शर्ट खाली ओढला आणि म्हणाले, “मी इथी येता येता रस्त्यात खर्रा खाल्ला.”

 मी पुढच्या माणसाच्या पाठीमागे सरकलो, कारण अर्धा मी खाल्ला होता. भाऊंनी मान खाली घातली आणि डोळे मिटले. आणि एकदम सगळं शेड ओरडलं, “हालेलुया!”

टाळ्या पडल्या. ढोलकी सुरू झाली. एका म्हाताऱ्या बाईने त्यांचं टक्कल दोन्ही हातांनी धरून कपाळाला लावलं. पास्टरांनी मिठी मारून त्यांना तेलुगूतला आदराचा ‘गारू’ लावला. “भाऊगारू, देवानं माफ केलं.”

“इतक्या लवकर?”

“माफी तर पहिलेच झाली हाय.”

“मी खायच्या पहिले?”

“तुमी जन्माला यायच्या पहिले.”

भाऊ मटकन खाली बसले. लोकांना वाटलं, त्यांच्यावर कृपा उतरली.

तरी ते पाच रविवार गेले. माणूस चिकाटीचा. दर रविवारी साक्ष दिली, दर रविवारी टाळ्या पडल्या. पाचव्या रविवारी ते उभे राहिले तेव्हा ढोलकीवाल्याने आधीच हात वर करून ठेवला होता. परतताना मागच्या सीटवरून ते माझ्या कानात म्हणाले, “बाबू, मी शनिवारी खर्रा रविवारी सांगाले मनून खाऊन राह्यलो. हे उलटंच होऊन राह्यलं.”

त्यानंतर काटाघरात महिनाभर तुलनेवर प्रवचन चाललं. मुसलमानाचं घड्याळ कडक, पण माणसं मऊ. ख्रिश्चनाची माणसं कडक, पण देव मऊ. मुसलमान म्हणते विसरून खाल्लं त चालते, ख्रिश्चन म्हणते आठवून खाल्लं तरी चालते. जेवण दोन्हीकडे चांगलं. बाहेर काढणं दोन्हीकडे शून्य. “हे घड्याळ अन हे दागिने-बंद जर एकाच जागी भेटले असते,” ते म्हणायचे, “त मी सुटलो असतो बाबू.” मी हसायचो. ड्रायव्हर हसायचे. चाचांना सांगितलं तर तेही हसले आणि पास्टर कसे आहेत, त्यांच्या शेडला पडदे शिवून पाहिजेत का, ते विचारलं.

एक दिवस वहिनी काटाघरात आल्या. भाऊ काट्यावर गेले होते. वहिनींनी माझ्या ड्रॉवरकडे पाहिलं, तो अर्धा उघडाच होता. “भाऊजी,” त्या म्हणाल्या, “याइचा धर्म बदलायची गरज नाई. टेबल बदलला तरी पुरे होते.” मी ड्रॉवर लावून घेतला. खरं म्हणजे दोन्ही धर्मांच्या दारात जाताना खिशात जी पुडी होती ती मीच आणलेली असायची. मला लाज वाटली. दोन दिवस मी आणली नाही, तिसऱ्या दिवशी आणली. माझ्याबद्दल सांगण्यासारखं एवढंच आहे.

वहिनींनी मग स्वतःच टेबल बदललं. त्यांनी बदली मागून घेतली, तीही कोणी मागत नाही अशी, धानोरा तालुक्यात, जंगलातल्या एका गोंड गावाच्या उपकेंद्रात. भाऊंची निवृत्ती त्याच वर्षी झाली. त्या गावाच्या ग्रामसभेने दारू आणि खर्रा दोन्ही बंद केले आहेत, विकणाऱ्याला आणि खाणाऱ्याला दंड आहे, हे वहिनींनी नवऱ्याला सांगितलं. भाऊंनी सामान बांधलं. सामानात एक डबा होता, वर जलसंजीवनीच्या पुड्यांचा कागद चिकटवलेला. आत काय होतं ते मी सांगत नाही, कारण भरून मीच दिला होता.

आठवड्याच्या आत ते उपकेंद्रामागे खाताना सापडले. त्यांचा फोन आला तेव्हा आवाज नवरदेवासारखा होता. “बाबू, सभेत बलवलं हाय! झाडाखाली! सगळं गाव येते!” ते आंघोळ करून, पांढरे कपडे घालून गेले. गावचा गायता, म्हणजे तिथला पुजारीही आणि वडीलधाराही, वाळक्या अंगाचा म्हातारा. बराच वेळ गोंडीत बोलणी झाली. शेवटी गायता मराठीत म्हणाला, “नर्सबाईचा नवरा हाय. पाहुणा मानूस. जाऊ द्या.”

पुढच्या महिन्यात आणखी दोनदा तेच झालं. तिसऱ्या वेळी तर गायत्याने त्यांना सभेपर्यंत चालायचे कष्टही दिले नाहीत, निरोप पाठवला.

भाऊ मग म्हाताऱ्याच्या घरी जाऊन बसले. मले तुमच्या धर्मात घ्या, म्हणाले. म्हाताऱ्याला हा प्रकार नवा होता. त्याने विचार केला आणि विचारलं, “देव किती तुझे?”

त्यांच्यात कोणी चार देवांचे, कोणी पाच, सहा, सात देवांचे असतात, आणि त्यावरून सोयरिकी ठरतात. भाऊंना हे कुठून माहीत असणार. ते म्हणाले, “तेहतीस कोटी.”

म्हाताऱ्याने मान हलवली. “एवढ्या देवाचा सोयरा नाई भेटत इथी.”

“पण घेता येते का नाई?”

“घेतात कसं? जन्मते मानूस.”

एवढं सांगून तो कुडाच्या भिंतीसाठी वेळूच्या कामट्या तासायला लागला. भाऊंनी मला फोन करून कळवलं की अखेर सगळ्यांत कडक धर्म सापडला, ज्यात शिरताच येत नाही.

खर्रा सुटला तो असाच, कोणाच्या लक्षात न येता. डबा वहिनींनी कुठे टाकला ते कळलं नाही. पुडी मिळायची ती जागा दूर, बस दिवसातून एक, आणि पाठवायला मी नव्हतो. पहाटे गाव मोह वेचायला निघालं की भाऊही टोपली घेऊन निघू लागले, कारण घरी बसून तोंड खाजायचं. गालात काहीतरी लागायचं म्हणून आधी आवळा, मग चिंच, मग लिंबाची साल. तीन महिने झाले. चंद्रपूरच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, मिटलं ते उघडणार नाही, पण यापुढे मिटणार नाही. वहिनी दवाखान्याच्या पायऱ्यांवर बसून रडल्या. भाऊंना मात्र हे यश वाटेना. “कोणी सोडवलाच नाई त सुटला कसा?” ते म्हणत. “असा फुकटचा सुटला त फुकटच लागन.”

मी त्यांच्याकडे गेलो तो वैशाखात. खिशात पुडी होती, ती वहिनींनी उंबऱ्यावरच काढून घेतली. भाऊ वाळले होते आणि बरे दिसत होते. मला हाताला धरून ते एका आंब्याखाली घेऊन गेले. खाली कैऱ्यांचा सडा पडला होता.

“पाह्य,” ते म्हणाले. “पोलिस नाई, पाटी नाई, कॅमेरा नाई. उचलते का कोणी? पंडुम झाल्याबिगर, मंजे या लोकाइचा सण झाल्याबिगर, गावातलं लहान लेकरू आंबा तोंडात नाई घालत. पहिले देवाले, मग मानसाले.”

“अन खाल्ला त शिक्षा काय?”

“मले काय माहीत! कोणी खातच नाई त शिक्षा दिसन कशी?” हे सांगताना त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. इतक्या कडक ठिकाणी आपण राहतो आणि आपल्याला कोणी विचारत नाही, याचं ते पाणी होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही उपकेंद्रामागे बाजेवर बसलो. काटाघराच्या गोष्टी निघाल्या. सरदारजी, चाचा, ढोलकीवाला. भाऊ हसत होते, मी हसत होतो, आणि हसता हसता त्यांचा हात खाली गेला, अंगणात पडलेली एक कैरी उचलली, चाकूने चकत्या केल्या, मीठ लावलं, एक चकती गालात सरकवली, नेमकी खर्र्याच्या जागी, आणि अर्धी कैरी माझ्यापुढे केली. मी खाल्ली. आंबट, कोवळी, फार चांगली होती. तेवढ्यात पाण्याला निघालेली एक बाई कुंपणापाशी थांबली, आमच्याकडे पाहिलं आणि चालू लागली.

भाऊंनी चकती तोंडातून काढून तळहातावर ठेवली. “बाबू,” ते म्हणाले, “हे मी काय केलं?”

मी हसलो. ते हसले नाहीत. त्या दिवशी ते जेवले नाहीत. त्या बाईने सांगितलं असावं, सभेचं बोलावणं आलं. खर्रा खाताना सापडले तेव्हा ते नटून गेले होते. या वेळी जुनाच शर्ट होता आणि पायात चपला नव्हत्या. त्यांना खरोखर वाईट वाटलं होतं, हे मी त्यांच्या बाबतीत प्रथमच पाहत होतो.

दुपारी उन्हं कलल्यावर सभा बसली. बायका एका बाजूला, पुरुष दुसऱ्या बाजूला, मध्ये गायता. वहिनी बायकांत. भाऊ उभे राहिले. “मी खाल्ला,” एवढंच म्हणाले. टाळ्या पडल्या नाहीत. कोणी मिठी मारली नाही. गोंडीत बोलणं सुरू झालं, एक बाई तावातावाने बोलली, दुसरीने तिला अडवलं, पुरुष खाली पाहत होते. खूप वेळ गेला.

मग गायता म्हणाला, “एक कोंबडी. अन पंडुमच्या दिवशी तांदूळ तुझ्या घरचा.”

भाऊंना ते कळलंच नाही. “मले?” त्यांनी विचारलं.

“मंग कोनाले?”

भाऊ गडबडले. त्यांनी वळून माझ्याकडे बोट दाखवलं. “यानंबी खाल्ला. अर्धा.”

गायत्याने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही, नुसतं पाहिलं. “त्याले नाई,” तो म्हणाला. “तो पाहुणा हाय.”

भाऊ तिथेच उभे राहिले. तोंड उघडं, म्हणजे उघडतं तेवढं उघडं, आणि गालांवरून पाणी वाहत होतं, आणि ते पुसायचं त्यांना सुचत नव्हतं. वहिनींनी पदर तोंडावर घेतला. मला माफ केलं होतं. एक दमडीचीही शिक्षा झाली नव्हती. आणि मला इतका राग आला, इतका हेवा वाटला, की मी कुठे पाहावं ते कळेना.

कोंबडी घ्यायला आम्ही घरी गेलो. वहिनी मागून म्हणाल्या, “तांबडी नका देऊ, ते अंडे देते.” भाऊंनी तांबडीच धरली. गायत्याचं घर उपकेंद्रासमोरच होतं, वीस पावलं. भाऊ उलट्या बाजूला वळले. कोंबडी बगलेत धरून, अनवाणी, ते गावाच्या पहिल्या घरापासून शेवटच्या घरापर्यंत प्रत्येक अंगणासमोरून सावकाश चालत गेले. लोक दारात उभे होते. सगळे भाऊंकडे पाहत होते. मी मागून चालत होतो, माझ्याकडे कोणी पाहिलं नाही.